शरीराचे दफ्तर: गोवर एकदाच का येतो आणि सर्दी पुन्हा पुन्हा का येते?

१/ इ.स. १८४६. उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर तब्बल ६५ वर्षांनी गोवर परतला. बेटांची लोकसंख्या होती ७,७८२. काही महिन्यांत त्यांपैकी सुमारे ६,००० जण आजारी पडले. घरेच्या घरे अंथरुणाला खिळली. या धामधुमीत काही वृद्ध स्त्रीपुरुष मात्र ठणठणीत राहून आजाऱ्यांची शुश्रूषा करत होते. आजचा धागा त्यांच्यापासून सुरू होतो आणि मुंबई-पुण्याच्या वाटेने थेट माझ्या आजोळी पोहोचतो. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ फेरो बेटे डेन्मार्कच्या ताब्यात होती. कोपनहेगनहून आलेला एक सुतार मार्च १८४६ च्या अखेरीस तेथे उतरला आणि त्याच्यासोबत गोवरही उतरला. साथीचा तपास करण्यासाठी डॅनिश सरकारने दोन तरुण डॉक्टर पाठवले. त्यांपैकी पीटर लुडविग पानुम तेव्हा अवघा २५ वर्षांचा होता, नुकताच पदवीधर झालेला. हाताशी ना प्रयोगशाळा, ना रक्ततपासणी. विषाणू हा शब्ददेखील आजच्या अर्थाने अस्तित्वात नव्हता. त्याच्याजवळ होती एक वही आणि माणसांना प्रश्न विचारण्याची चिकाटी.

३/ बेटाबेटांवर फिरत पानुमने घरोघरी नोंदी केल्या: कोण कोणाला कधी भेटले, पुरळ कधी उठले. त्यावरून त्याने दाखवले की लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण १३-१४ दिवस जातात. पण त्याची सर्वांत महत्त्वाची नोंद वृद्धांविषयीची आहे. याआधीची साथ १७८१ साली आली होती. त्या वेळी गोवर झालेले ९८ वृद्ध पानुमने स्वतः पाहिले. त्यांतील एकालाही १८४६ मध्ये गोवर झाला नाही.

४/ आता कोणी म्हणेल की म्हातारपणी गोवर होतच नसेल. पानुमलाही ही शंका आली होती. म्हणून १७८१ च्या साथीतून सुटलेल्या वृद्धांचाही त्याने शोध घेतला. ते मात्र इतरांसारखेच आजारी पडले. म्हणजे संरक्षण वयाने दिले नव्हते, पूर्वीच्या आजाराने दिले होते. शिवाय मधल्या ६५ वर्षांत बेटांवर गोवर आलाच नव्हता, त्यामुळे ही आठवण कोणी अधूनमधून ताजी केली असेही म्हणता येत नाही. बालपणी एकदा झालेली ओळख शरीराने आयुष्यभर जपली होती.

५/ येथे एक साधा प्रश्न उभा राहतो. गोवर श्वासावाटे पसरतो, सर्दीही श्वासावाटेच पसरते. मग गोवर एकदाच आणि सर्दी दर पावसाळ्यात, असे का? ‘प्रतिकारशक्ती कमी झाली’ हे आपले ठरलेले उत्तर असते. इतिहास पाहिला तर या एका वाक्यात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली दिसते. ती सरमिसळ किती महागात पडते, हे धाग्याच्या शेवटी येईल.

६/ प्रथम दुसऱ्या एका बेटावर जाऊ. स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा नावाचा एकाकी द्वीपसमूह आहे. मार्टिन मार्टिन हा लेखक १६९७ साली तेथे गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. बाहेरून नाव आली की सगळ्या वस्तीला सर्दी-खोकला होतो, अशी बेटवासीयांची तक्रार त्याने नोंदवली आहे. पुढे डॉ. सॅम्युअल जॉन्सनसारख्या विद्वानाने या समजुतीची थट्टा केली. परंतु बेटवासी बरोबर होते.

७/ सर्दीच्या विषाणूला टिकून राहायचे तर सतत नवा यजमान लागतो. शे-दीडशे माणसांच्या वस्तीत सगळ्यांना एकदा सर्दी होऊन गेली की विषाणूला पुढे जायला माणूसच उरत नाही आणि तो तेथून नाहीसा होतो. पुढची नाव येईपर्यंत बेट स्वच्छ. पण नाव आली की पुन्हा सगळे शिंकत बसत! गोवराने ६५ वर्षे पुरेल एवढे संरक्षण दिले; सर्दीचे मात्र दोन नावांमधल्या काळापुरतेही पुरत नव्हते. शरीर विसरत होते, की प्रत्येक नावेबरोबर वेगळीच सर्दी येत होती? हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

८/ इंग्लंडमधील सॉल्झबरी गावाजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकनांनी एक रुग्णालय उभारले होते. युद्धानंतर ते ब्रिटनला मिळाले आणि १९४६ साली तेथे फक्त सर्दीचा अभ्यास करणारी संस्था सुरू झाली: कॉमन कोल्ड युनिट. तिचे प्रमुख ख्रिस्तोफर अँड्र्यूज. माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ साली ज्या तिघांनी शोधला, त्यांतील ते एक. १९९० मध्ये संस्था बंद होईपर्यंत सुमारे वीस हजार स्वयंसेवक तेथे येऊन गेले.

९/ दहा दिवस मोफत राहणे-जेवणे, वर थोडा हातखर्च. मोबदल्यात नाकात विषाणूचे थेंब घालून घ्यायचे. दोघे-तिघे मिळून एका घरात राहत, इतरांपासून अंतर राखत. परीक्षेच्या अभ्यासासाठी विद्यार्थी येत, मधुचंद्रासाठी जोडपीही येत. सुरुवातीच्या काळात स्वयंसेवकांना अंघोळीनंतर ओल्या अंगाने, ओले मोजे घालून गार वाऱ्यात उभे केले गेले. त्या प्रयोगांत नुसत्या गारठ्याने सर्दी झाली नाही. ‘पावसात भिजू नकोस’ म्हणणाऱ्या समस्त आयांनी या नोंदीकडे कृपया दुर्लक्ष करावे.

१०/ सर्दीचे पहिले रहस्य १९५० च्या दशकापासून उलगडत गेले. सर्दी हा एक आजार नाहीच. तिचा सर्वांत मोठा कारक असलेल्या ऱ्हायनोव्हायरस या एकाच गटात दीडशेहून अधिक प्रकार आहेत. एका प्रकाराची ओळख दुसऱ्या प्रकाराविरुद्ध फारशी कामी येत नाही. दर वर्षी दोन-तीन प्रकारांशी गाठ पडली, तरी ही यादी संपायला एक आयुष्य अपुरे पडावे. म्हणजे पुष्कळदा शरीर विसरलेले नसतेच. दारात नवा पाहुणा उभा असतो.

११/ पण हे उत्तर अपुरे आहे. १९६० च्या दशकात डेव्हिड टायरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सॉल्झबरीत एका शाळकरी मुलाच्या नाकातील नमुन्यात सर्दीचा एक वेगळाच विषाणू सापडला. त्याच सुमारास शिकागोत वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या नमुन्यांतून त्याचा एक भाऊबंद मिळाला. त्याचे नाव २२९-ई. जून अल्मेडा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा विषाणूंभोवतीचे काट्यांचे कडे टिपले. त्या कड्यावरून १९६८ साली या घराण्याला नाव मिळाले: कोरोनाव्हायरस. होय, तेच घराणे. फक्त तेव्हा ते साध्या सर्दीपुरते ओळखले जाई.

१२/ सर्दीच्या कोरोनाव्हायरसचे प्रकार मोजकेच आहेत. तरीही ती सर्दी पुन्हा पुन्हा होते. हे कसे, याचा प्रयोग सॉल्झबरीत झाला आणि संस्था बंद झाली त्याच वर्षी, १९९० साली, प्रसिद्ध झाला. १५ स्वयंसेवकांच्या नाकात २२९-ई घातला. १० जणांना लागण झाली. काही आठवड्यांत त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे वाढली आणि मग हळूहळू उतरत गेली. वर्षभराने त्यांच्यापैकी ९ जणांना तोच विषाणू पुन्हा दिला. ६ जणांना पुन्हा लागण झाली.

१३/ येथेच थांबलो तर निष्कर्ष निघतो: ‘संरक्षण वर्षभरही टिकत नाही.’ पण त्याच प्रयोगातील दुसरी नोंद तितकीच महत्त्वाची आहे. पुन्हा लागण झालेल्या त्या सहांपैकी एकालाही सर्दी झाली नाही. विषाणू नाकात होता, बाहेरही पडत होता, पण माणूस बरा होता. लागण होणे आणि आजारी पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीपासूनचे संरक्षण लवकर ओसरते, दुसरीपासूनचे जास्त टिकते. हा फरक मनात पक्का करून ठेवावा. माझ्या आजोळची हकीकत याच फरकावर उभी आहे.

१४/ असे का होते? इतिहासाची विद्यार्थिनी असल्याने मला हे दफ्तरखान्याच्या भाषेत समजते. संसर्ग झाला की शरीर घाईघाईने प्रतिपिंडे तयार करते. हा झाला रोजचा पत्रव्यवहार. तो करणाऱ्या बहुतेक पेशी काही आठवड्यांत मरतात, म्हणून प्रतिपिंडांची पातळी उतरते. यात बिघाड काहीच नाही. थोड्या पेशी अस्थिमज्जेत मुक्काम ठोकून वर्षानुवर्षे प्रतिपिंडे पुरवत राहतात. आणखी काही स्मृतिपेशी होऊन रुमालात बांधलेल्या कागदांसारख्या स्वस्थ पडून असतात. गरज पडली की रुमाल उघडतो आणि पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी वेगाने काम सुरू होते.

१५/ पण रुमाल उघडायलाही काही दिवस लागतात. गोवराचा विषाणू शरीरात शिरल्यावर रक्तावाटे सर्वत्र पसरतो आणि पुरळ उठायला दोन आठवडे घेतो. तेवढ्यात दफ्तर जागे होते, रक्तातील प्रतिपिंडेही त्याला वाटेत गाठतात. सर्दीचा विषाणू नाका-घशाच्या अस्तरातच आपले काम उरकतो, तेही एक ते तीन दिवसांत. तेथे पहारा असतो अस्तरावरच्या स्थानिक प्रतिपिंडांचा, आणि हा पहारा लवकर विरळ होतो. थोडक्यात, वाड्यातील दफ्तर शाबूत असते, पण वेशीवरचा चौकीदार निघून गेलेला असतो.

१६/ गोवराचा एक विरोधाभास येथे सांगायलाच हवा. ज्याची आठवण आयुष्यभर टिकते, तोच आजार इतर आठवणी पुसून टाकतो. ऑस्ट्रियाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०८ सालीच पाहिले होते की गोवर झालेल्या मुलांची क्षयाच्या चाचणीला येणारी प्रतिक्रिया काही काळ नाहीशी होते. २०१९ मध्ये नेदरलँड्समधील ७७ लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताचा अभ्यास झाला. गोवरानंतर त्यांनी आपल्या जुन्या प्रतिपिंडांच्या साठ्यापैकी ११ ते ७३ टक्के गमावला होता. दफ्तराला लागलेली आगच ही.

१७/ आता इन्फ्लुएंझाकडे वळू, कारण त्याची तऱ्हा तिसरीच आहे. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी १९१८ ची महासाथ बालपणी अनुभवलेल्या ३२ वृद्धांचे रक्त तपासले. त्यांची वये होती ९१ ते १०१. जवळजवळ नव्वद वर्षांनंतरही त्यांच्या शरीरात १९१८ च्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे होती, आणि काहींच्या रक्तातून ती बनवणाऱ्या पेशीही वेगळ्या काढता आल्या. फ्लूच्या बाबतीत शरीर विसरत नाही. विषाणूच सतत चेहरा बदलत राहतो. आपण जपून ठेवलेले चित्र खरे असते; त्या चित्रातला इसम मात्र आता तसा दिसत नाही.

१८/ त्या १९१८ च्या साथीला महाराष्ट्रात ‘मानमोडी’ म्हणत. पहिले महायुद्ध संपत आले होते आणि मुंबईच्या गोदीत सैनिकांची जहाजे लागत होती. जून १९१८ मध्ये गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने फणफणून रुग्णालयात दाखल झाले. पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरपासून दुसरी लाट आली ती संहार घेऊनच. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदवले गेले. हिंदुस्थानातील एकूण बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात.

१९/ मरणाऱ्यांत २० ते ४० वयाचे धडधाकट स्त्रीपुरुष सर्वाधिक होते, वृद्ध तुलनेने कमी. जगभर हेच दिसले. वृद्धांना तरुणपणी पाहिलेल्या एखाद्या जुन्या फ्लूची ओळख उपयोगी पडली असावी, असे काही संशोधक मानतात. अमेरिकेच्या लष्करी छावण्या आणि ब्रिटिश नौदल यांच्या नोंदी पुढे तपासल्या गेल्या. पहिल्या सौम्य लाटेत आजारी पडलेल्यांना दुसऱ्या लाटेत बरेच संरक्षण मिळाल्याचे त्यांतून दिसते. काही महिन्यांपूर्वीची ओळख चेहरा बदलण्याआधीच कामी आली.

२०/ परंतु मानमोडीचा सगळा हिशोब शरीराच्या स्मृतीवर मांडला तर ती लबाडी ठरेल. मुंबई शहरातील मृत्युदर पाहा. सरकारी दप्तरात ‘खालच्या जाती’ म्हणून नोंदलेल्या हिंदूंमध्ये दर हजारी ६१.६ मृत्यू, पारशांमध्ये ९, युरोपीयांमध्ये ८.३. विषाणू एकच, शहर एकच. फरक होता खोलीत झोपणाऱ्यांच्या संख्येचा, पोटातल्या अन्नाचा आणि उशाशी पाणी द्यायला कोणी होते की नाही याचा. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. ‘अमुक लोकांची प्रतिकारशक्तीच कमी’ असे कोणी म्हणाले की हे आकडे आठवावेत.

२१/ फ्लूविषयी आणखी एक चमत्कारिक गोष्ट अमेरिकेच्या थॉमस फ्रान्सिस यांनी मांडली. बालपणी ज्या फ्लूशी पहिली गाठ पडते त्याचा ठसा सर्वांत खोल उमटतो. पुढे वेगळ्या फ्लूचा संसर्ग झाला तरी शरीर आधी त्या पहिल्या फ्लूविरुद्धचीच प्रतिपिंडे बाहेर काढते. १९६० साली त्यांनी या घटनेला ख्रिस्ती धर्मकल्पनेतून नाव दिले: ‘मूळ पाप’. म्हणजे दोन पिढ्यांची दफ्तरे वेगवेगळ्या पहिल्या पानाने सुरू होतात आणि म्हणूनच एकच साथ दोन पिढ्यांना वेगवेगळी भेटते.

२२/ याचा पुरावा १९७७ मध्ये मिळाला. १९५७ च्या महासाथीनंतर लुप्त झालेला जुना एच१एन१ फ्लू अचानक परतला, आणि तोही जवळपास १९५० च्या सुमारास होता तसाच. वीस वर्षे निसर्गात फिरला असता तर तो इतका जसाच्या तसा राहता ना. त्यामुळे तो प्रयोगशाळेतून किंवा लसीच्या चाचणीतून निसटला असावा, असा तर्क अनेक अभ्यासक करतात. आजारी पडले ते मुख्यतः पंचविशीच्या आतले तरुण. त्यांच्या आईवडिलांची मात्र या फ्लूशी जुनी ओळख होती.

२३/ दुसरा पुरावा आपल्या दारातला आहे. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला आणि भारतातील त्याचा पहिला बळी ऑगस्टमध्ये पुण्यात गेला: एक १४ वर्षांची शाळकरी मुलगी. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. रुमाल बांधून शाळेत गेल्याचे आठवते. हंगामी फ्लूत दगावतात ते बहुधा वृद्ध. येथे मात्र तरुणांचे प्रमाण मोठे होते. अमेरिकेतील एका अभ्यासात १९५० पूर्वी जन्मलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांकडे या ‘नव्या’ विषाणूविरुद्ध चांगली प्रतिपिंडे आढळली. १९८० नंतर जन्मलेल्यांत फक्त ४ टक्क्यांकडे. आजोबांच्या पिढीने याचा पूर्वज पाहिला होता.

२४/ आता तिन्ही गोष्टी वेगळ्या दिसू लागल्या असतील. एक: शरीराची आठवण पुसट झाली का? दोन: आठवण शाबूत असून विषाणू बदलला का? तीन: जे संरक्षण उरले आहे ते लागणीपासूनचे, की आजारापासूनचे? लसींची वेळापत्रकेही याच प्रश्नांवर ठरतात. गोवराचा विषाणू फारसा बदलत नाही, म्हणून बालपणीचे दोन डोस पुरतात. फ्लू बदलतो, म्हणून लसही दर वर्षी बदलावी लागते. लसीचा खरा फायदा हा की आजाराची किंमत न मोजता दफ्तरात नोंद होते.

२५/ २०२० साली टाळेबंदीने सगळ्या जगाचे सेंट किल्डा झाले. बंदरे बंद, शाळा बंद. सर्दी-फ्लूचे नेहमीचे विषाणू बहुतांश ठिकाणी दिसेनासे झाले. बी-यामागाता नावाची फ्लूची एक शाखा तर मार्च २०२० नंतर खात्रीलायकपणे कोठेही आढळलेली नाही. मग नावा पुन्हा लागल्या. तान्ह्या मुलांना छळणारा आरएसव्ही हा श्वसनविषाणू अनेक देशांत ऋतू सोडून उसळला. ऑस्ट्रेलियात तर ऐन उन्हाळ्यात. मधल्या काळात जन्मलेल्या बाळांनी तो पाहिलाच नव्हता, आणि आयांच्या शरीरातील ओळखही ताजी झाली नव्हती.

२६/ त्याच वर्षी, जुलै २०२० मध्ये, मुंबईत माटुंगा, चेंबूर आणि दहिसर भागांतील तीन प्रभागांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीतील ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोविडची प्रतिपिंडे होती, इतर वस्तीत १६ टक्के. हे आकडे वाचताना मला १९१८ चा तक्ता आठवत होता: विषाणू पुन्हा एकदा दाटीवाटीच्या खोल्यांतून आधी फिरला होता. पण हिवाळ्यापर्यंत या आकड्यांचा दुसराच अर्थ पसरला. आपल्याला होऊन गेला, आपली प्रतिकारशक्तीच भक्कम, आता काही होत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत रुग्ण वाढू लागले, तेव्हाही पुष्कळांचा हाच सूर होता.

२७/ माझे मामा सप्टेंबर २०२० मध्ये कोविडमधून बरे झाले होते. ‘मला आता हात लावत नाही तो,’ असे ते अभिमानाने सांगत. मार्चच्या अखेरीस त्यांना बारीकशी सर्दी झाली. दोन दिवसांत गेली. त्या दोन दिवसांत त्यांनी नेहमीप्रमाणे आजीला दुपारचा चहा करून दिला, तिच्या उशाशी बसून पेपर वाचून दाखवला. आजीची लस ‘थोडे ऊन उतरले की घेऊ’ म्हणून राहिली होती. ती एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेली.

२८/ आजीला तो मामांकडूनच आला, हे सिद्ध करता येणार नाही. इतिहास शिकत असताना पुराव्याशिवाय मी तसे लिहूही नये. घरात दूधवाला येत होता, शेजारीण येत होती. पण पुढच्या वर्षी एका निबंधासाठी मी सॉल्झबरीचा तो प्रयोग वाचला: नऊपैकी सहांना पुन्हा लागण, सर्दी एकालाही नाही. मी कितीतरी वेळ त्या ओळीवर थांबून होते. मामांच्या शरीराने त्यांना वाचवले, हे खरेच होते. त्यांचा अभिमान खोटा नव्हता. फक्त ते संरक्षण त्यांच्यापुरते होते, आजीसाठी नव्हते. ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीच कोणीतरी लिहून ठेवली होती. आमच्या घरापर्यंत ती पोहोचली नव्हती, इतकेच.

२९/ मामांना मी हे अजून सांगितलेले नाही. सांगावे की नाही, ठरत नाही. पण तुम्हांला सांगते आहे, कारण पुढची साथ येईल तेव्हा ‘प्रतिकारशक्ती आहे’ हे वाक्य पुन्हा कानावर येईल. तेव्हा पानुमसारखी वही काढावी आणि विचारावे: कशाविरुद्ध? किती दिवसांपूर्वीची? लागणीपासून, की आजारापासून? आणि माझ्या शेजारी झोपणाऱ्या माणसाचे काय?

३०/ तुमच्या घरात मानमोडीची एखादी आठवण, पणजीने सांगितलेली गोष्ट किंवा जुन्या पत्रातला उल्लेख असेल, तर खाली अवश्य लिहा. शरीराची आठवण आपोआप टिकते वा जाते. कुटुंबाची मात्र कोणीतरी लिहून ठेवली तरच उरते. पुढच्या आठवड्यात: मुंबईतील १८९६ चा प्लेग. धागा समाप्त.